मराठवाड्यातल्या प्राथमिक शाळेतलं वर्षभराचं कृतीतून शिक्षण

कृतीतून शिक्षण म्हणजे लेकरानं एखादी गोष्ट स्वतःच्या हातानं मोजून, बांधून, पेरून, विकून, मोडून परत जोडून शिकणं. कल्पना जुनी आहे, 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तिचा पायाच हातकाम होता. पण जिल्हा परिषदेच्या गावोगावच्या शाळांत ज्ञानरचनावाद (लेकरू स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं हा विचार) हा शब्द खऱ्या अर्थानं पोचला तो 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर, तेव्हा वर्गातल्या फरशा रंगल्या, तळफळे (भिंतीच्या खालच्या भागात लेकरांना लिहायचे फळे) आले आणि चिंचोके, मणी, काड्या यांना साहित्य म्हणून मान मिळाला. 2024 पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी कृतींसाठी राखलेला वेळ, आहे, त्यामुळं वेळही मिळतो. घरच्यांनी करून दिलेला थर्माकोलचा प्रकल्प मात्र यात मोडत नाही, कारण त्यात लेकराचा हातच लागलेला नसतो.

शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि पावसाची वाट सगळं गावच बघत असतं, म्हणून पहिली कृती पर्जन्यमापक. सरळ बाजूची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा बसवायचा, बुडाला खाचा असतात म्हणून खडे टाकून थोडं पाणी भरायचं आणि तिथं शून्याची खूण करायची (हे विसरलं की सगळं माप चुकतं). चौथी-पाचवीला पुढचा हिशोब जमतो: एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, म्हणजे 30 चौरस मीटरच्या स्लॅबवर 20 मिलिमीटर पडला तर 600 लिटर, 200 लिटरची तीन टिपाडं. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेल्या लेकराला हे गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पहिली-दुसरीचं वर्षभराचं सगळ्यात मोलाचं साहित्य म्हणजे तुराट्या. सारख्या लांबीचे तुकडे, दहाची एक जुडी रबरानं बांधलेली, दहा जुड्यांचा शंभराचा भारा. 32 मधून 15 काढायचे तर सुट्ट्या दोनच काड्या, पाच कुठून देणार, मग एक जुडी सोडायची, आता सुट्ट्या बारा झाल्या, त्यातल्या पाच दिल्या, सात उरल्या, दोन जुड्यांतली एक दिली, एक उरली, सतरा. बेरजेत उलटं, सुट्ट्या दहा झाल्या की जुडी बांधायची आणि ती दशकाच्या घरात ठेवायची, तोच हातचा. ज्या लेकरानं रबर स्वतः सोडलंय ते पुढं वहीत हातचा विसरत नाही असा अनुभव आहे, आणि म्हणून मास्तरांनी समोर उभं राहून जुडी सोडून दाखवणं पुरत नाही, प्रत्येकाच्या हातात जुडी पाहिजे.

श्रावणी अमावास्येला पोळा, मातीचे बैल. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळला की तडकतो कारण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, भुसा मिसळला की कमी तडकतो. दोन्ही बैल शेजारी ठेवले की मातीचा धडा तिथंच होतो.

17 सप्टेंबरचं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की पाच-सहा दिवसांत दिवस-रात्र जवळपास सारखे होतात, तेव्हा सावलीची कृती सुरू करावी. मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करायची आणि सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सगळ्यात आखूड सावलीवर खूण करायची. लातूर-परभणीकडं ती 34 सेंटिमीटरच्या आसपास भरते, 22 डिसेंबरला तीच 90 च्या घरात जाते. ऊन तेच, काठी तीच, तरी सावली इतकी कशी वाढली हा प्रश्न लेकरं आपणहून विचारतात.

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडं येळवस (वेळ अमावास्येचा शेतातला सण) असते, शाळेला सुट्टी आणि सगळं गाव शेतात. दुसऱ्या दिवशी वर्गात शेतात बांधतात तशी कडब्याची छोटी कोप (खोपी) बांधायला द्यावी, पेंढ्या वर एकत्र बांधल्या की खाली गोल होतो हे हातालाच कळतं, आणि येळवशीच्या जेवणातल्या भज्जी-आंबिलीची कृती आईला विचारून लिहून आणायला सांगितली की निबंधापेक्षा चांगलं लेखन येतं. जानेवारी-फेब्रुवारीत आनंदनगरी, म्हणजे लेकरांनी मांडलेला शाळेतला बाजार, भरते, भेळ-पोहे-पालेभाज्या, फक्त भांडवल वहीत आधी लिहून ठेवायला लावावं नाहीतर सगळा गल्ला नफाच वाटतो.

या वर्षाला एक मोठं खिंडार आहे. दिवाळीच्या आगंमागं बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतली कुटुंबं ऊसतोडीला जातात, हंगामी वसतिगृहात काही लेकरं थांबतात, बाकीची आईबापाबरोबर फडात. म्हणून दशकाच्या जुड्या, मोजमाप, पर्जन्यमापक हे सगळं दिवाळीआधी उरकावंच, ते पुढं ढकलणं त्या लेकरांवर अन्याय आहे. मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत ती परत येतात तेव्हा त्यांच्याकडं उसाची मोळी, टन, गाडीचं वजन, उचल (मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे) यांचं ज्ञान असतं, त्यावर वजनाचा तास त्यांनाच घेऊ द्यावा. मैदानातल्या काठीपाशी त्यांची सप्टेंबरची खूण असते, एप्रिलच्या मध्याला सुट्टीच्या दिवशी दुपारी बोलावून मोजली तर सावली 16 सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि मधली डिसेंबरची खूण गावात राहिलेलं लेकरू त्यांना दाखवतं.