टनांचा आकडा आणि पाच अंशांचा कोन

घरच्या गॅरेजसाठी पोर्टेबल कार लिफ्ट घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती टनांची? गाडी दीड टनाची, लिफ्ट तीन टनांची, म्हणजे आपण दुप्पट निर्धास्त, असा हिशेब बहुतेक जण करतात. हिशेब सरळ आहे, पण तो अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर देतो. लिफ्टला दोन कामं करायची असतात. गाडी वर न्यायची आणि मग तासन्‌तास तिथेच धरून ठेवायची. टनांचा आकडा मुख्यतः पहिल्या कामाचा. जिवाशी गाठ असते ती दुसऱ्या कामाची, कारण तेव्हा आपण गाडीखाली असतो.

आधी उचलण्याचं पाहू. दीड टनाची गाडी अर्धा मीटर वर न्यायला सुमारे 7,400 जूल ऊर्जा लागते. हजार वॅटची इस्त्री एवढी ऊर्जा सात-साडेसात सेकंदांत संपवते. हेच काम अर्ध्या मिनिटात करायचं, तर घर्षण वगैरे सोडून जेमतेम 250 वॅट पुरतात. म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने गाडी उचलणं अगदी किरकोळ काम आहे. अडचण आहे ती बलाची. दीड टनाचा जोर ना आपल्या हातात असतो, ना छोट्याशा मोटरमध्ये.

तो जोर मिळवायची युक्ती शाळेच्या पुस्तकात असते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्यावरचं त्याचं लेखन 1663 मध्ये, तो गेल्यानंतर वर्षभराने, छापलं गेलं. समजा, 1 सेंमी व्यासाच्या दट्ट्याने तेल दाबलं आणि ते 3 सेंमी व्यासाच्या दट्ट्याखाली शिरलं. क्षेत्रफळ नऊपट, म्हणून बलही नऊपट. पंपाच्या दांड्याची तरफ आणखी पंधरापट देते असं धरलं, तर एकूण 135 पट. हाताने 10 किलोचा जोर लावला की पलीकडे 1,350 किलो उचलले जातात. अर्थात किंमत मोजावी लागते ती अंतरात. गाडी 30 सेंमी वर जायला हाताला 40 मीटर हलावं लागतं. दांडा दर खेपेला 40 सेंमी दाबला जात असेल, तर शंभर खेपा. ‘एका बोटाने गाडी उचला’ छापाच्या जाहिरातींत जे दाखवतात ते एवढंच आहे. त्यात कुठलंही नवं तंत्रज्ञान नाही, आणि त्यावरून ती वस्तू चांगली आहे असंही सिद्ध होत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती कात्री. गाडीच्या पोटाखाली साधारण 15 सेंमी जागा असते, म्हणून घरची लिफ्ट मिटल्यावर चपटी हवी आणि उघडल्यावर उंच. त्यासाठी सगळ्यात सोपी रचना म्हणजे मधोमध पिनने जोडलेल्या दोन पट्ट्या, इंग्रजी एक्ससारख्या. खालची टोकं एकमेकांकडे ओढली की माथा वर जातो. पट्टी जमिनीशी जो कोन करते त्याच्या साइनला पट्टीच्या लांबीने गुणलं की उंची मिळते, कोसाइनला गुणलं की पायाची लांबी. आता पाया किंचित आखडू द्या आणि उंची किंचित वाढू द्या. ओढण्यात केलेलं कार्य आणि वजन वर नेण्यात झालेलं कार्य, ही दोन्ही सारखीच असली पाहिजेत. बरोबरी मांडली की छोटंसं सूत्र हाती येतं: ओढीचं बल म्हणजे वजन भागिले कोनाचा टॅन.

यात आकडे घालून पाहा. कोन 45 अंशांचा असेल तर टॅन 1, म्हणजे ओढ वजनाइतकीच. 30 अंशांना ती वजनाच्या 1.7 पट होते. 10 अंशांना 5.7 पट, 5 अंशांना 11.4 पट. म्हणजे नुसत्या आडव्या ओढीने उघडणाऱ्या कात्रीवर दीड टनाची गाडी ठेवली आणि पट्ट्या 5 अंशांवर असल्या, तर सुरुवातीला एकूण 17 टनांची ओढ लागेल. शून्य अंशाला उत्तर अनंत येतं. पूर्ण सपाट मिटलेली कात्री आडवी ओढून कधीच उघडणार नाही, मग मोटर कितीही मोठी लावा.

गाडीच्या डिकीतला स्क्रूचा जॅक याच घराण्यातला आहे. त्याच्या चार पट्ट्यांचा समभुज चौकोन होतो आणि सूत्र तेच लागू पडतं. तो रिकामा जमिनीवर ठेवून दांडा फिरवून पाहा. सुरुवातीच्या प्रत्येक फेऱ्याला माथा झपाट्याने वर येतो. चौकोन उभट होत गेला की तेवढ्याच फेऱ्यात तो जेमतेम सरकतो. जिथे एका फेऱ्यात उंची जास्त मिळते तिथेच वजनाखाली जोरही जास्त लागतो. टॅनचं कोष्टक असं हाताला जाणवतं.

यातून मार्ग काढायला लिफ्ट बनवणारे तेलाच्या दाबाने दट्ट्या ढकलणारा सिलिंडर आडवा न ठेवता तिरका बसवतात, म्हणजे पहिल्या क्षणापासून थोडा जोर वरच्या दिशेने लागतो. काही रचनांत सिलिंडरच्या टोकाशी रोलर आणि उताराची पट्टी असते. ती पहिले काही सेंटीमीटर कात्रीला ढकलून वर काढते आणि मग बाजूला होते. तरीही तळाशी पिनांवर, वेल्डिंगवर आणि सिलिंडरवर येणारा ताण वरच्या मानाने कितीतरी जास्त असतो. एरवी सारख्या दोन लिफ्टपैकी 8 सेंमीपर्यंत मिटणारी सुरुवातीला 12 सेंमीवाल्या लिफ्टपेक्षा जास्त सोसते. म्हणून माझं मत असं, की बाजारातली सगळ्यात चपटी लिफ्ट शोधू नये. आपल्या गाडीखाली सरकेल एवढी चपटी पुरे. आणि लिफ्ट पाहायला गेलात तर ती पूर्ण मिटलेल्या स्थितीतून, गाडीसकट उचलून दाखवायला सांगा. अर्धवट उघडलेली लिफ्ट वर जाताना पाहून काहीच कळत नाही.

घरगुती वापरात हल्ली दोन सुट्या लांब फ्रेम जास्त दिसतात, एक डाव्या चाकांच्या ओळीत आणि एक उजव्या. त्यांत कात्रीऐवजी समांतरभुज चौकोन असतो: दोन समांतर हात एकाच दिशेने उभे होतात. तळाशी जोर जास्त लागण्याचं दुखणं इथेही आहेच, शिवाय गाडी वर जाताना आडवीही सरकते. हात 60 सेंमीचा असेल आणि 8 अंशांपासून 60 अंशांपर्यंत उठत असेल, तर गाडी 44 सेंमी वर जाते आणि जवळजवळ 30 सेंमी पुढे किंवा मागे सरकते. गॅरेजच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजताना हे 30 सेंमी हमखास विसरले जातात.

आता धरून ठेवण्याचं. इंग्रज संशोधक जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचं, पेटंट घेतलं, पण दट्ट्याच्या कडेने होणारी गळती हे मोठं दुखणं होतं. त्यावरच्या उपायाचं श्रेय त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं: वाटीच्या आकाराचं चामड्याचं सील. द्रवाचा दाब वाटीच्या आत शिरतो आणि तिची कड सिलिंडरच्या भिंतीवर दाबून धरतो. दाब वाढेल तितकं सील घट्ट! आजची सीलं रबराची किंवा पॉलियुरेथेनची असतात, कल्पना तीच. पण त्या नाजूक कडेखाली धातूचा एक कीस अडकला किंवा दट्ट्यावर एक ओरखडा उठला, की तेल पाझरायला लागतं आणि गाडी मिलिमीटर मिलिमीटरने खाली येते. तेलाची नळी फुटली आणि तेल रोखणारी झडप नसली, तर गाडी एकदमच खाली येते.

म्हणून चांगल्या लिफ्टला पोलादी लॉक असतं. गाडी वर जाताना खिट्टी एकेक दाता ओलांडत टक टक आवाज करत जाते. हवी ती उंची आली की थोडं वर नेऊन परत खाली सोडायचं, म्हणजे खिट्टी दात्यात बसते आणि वजन तेलावरून पोलादावर येतं. हे झाल्यावरच खाली जायचं.

स्क्रूच्या लिफ्टमध्ये हे काम घर्षण करतं. आट्यांचा चढ 4 अंशांचा आणि घर्षणकोन (ज्या चढापर्यंत घर्षण वस्तूला घसरू देत नाही तो कोन) साडेआठ अंशांचा असेल, तर वजन स्क्रूला आपोआप उलटा फिरवू शकत नाही. त्याची किंमत म्हणजे घातलेल्या ऊर्जेपैकी फक्त तिसरा हिस्सा कामी येतो, बाकीची आटे तापवण्यात जाते. एरवी आपण अपव्यय वाईट मानतो. इथे तोच अपव्यय गाडी धरून ठेवतो.

‘इतकी वर्षं नुसत्या जॅकवर काम करतोय, काही झालं नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. हा अनुभव नव्हे, ही श्रद्धा आहे. सील किती झिजलंय हे गेल्या वर्षीच्या सुदैवावरून कळत नाही, आणि ज्यांच्या बाबतीत झालं ते सांगायला येत नाहीत. ट्रॉली जॅक घ्या, बाटली जॅक घ्या, गाडीखाली जायचं तर जॅक स्टँड, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे पोलादी टेकू, लावलेच पाहिजेत.

दोन फ्रेम एकाच पंपावर चालत असतील तर पास्कल पुन्हा आठवावा. दाब दोन्हीकडे सारखा, त्यामुळे जी बाजू हलकी ती आधी उठते. थोडा फरक चालतो, पण लॉक दोन्हीकडे एकाच दात्यावर बसलंय ना, हे डोळ्यांनी पाहायला हवं. तेलात हवा अडकली असेल तर हा फरक वाढतो. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते.

टेकू कुठे लागतो हेही टनांइतकंच महत्त्वाचं. कंपनीने नेमून दिलेले जॅक पॉइंट, म्हणजे टेकू लावायच्या जागा, बहुतेक गाड्यांत दाराखालच्या कडेला असतात. पुढच्या आणि मागच्या पॉइंटमधलं अंतर मोजून त्याच मापाची फ्रेम निवडावी. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाला बॅटरीचा सपाट खोका असतो, त्यावर टेकू लावायचा नाही. म्हणून मधोमध बसणारी रुंद कात्री तिथे बहुधा अडचणीची ठरते. तसंच गिअरबॉक्स किंवा सायलेन्सर काढायचा असेल तर मधली जागा मोकळी हवी, म्हणजे पुन्हा दोन फ्रेमच. जमीन सपाट आणि काँक्रीटची असावी, डांबर उन्हात मऊ होऊन टेकू रुततो. लिफ्ट युरोपच्या ईएन 1493 या लिफ्टसाठीच्या मानकाच्या किंवा अमेरिकेच्या एएलआय (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या प्रमाणपत्राची असेल तर तिच्या लॉकची आणि वजनाची चाचणी कुणीतरी घेतलेली आहे असं समजता येतं.

आणि वर्षातून दोनदा ऑइल बदलणं, चाकांची अदलाबदल करणं एवढंच काम असेल, तर चांगला ट्रॉली जॅक आणि चार दणकट जॅक स्टँड पुरतात. लिफ्ट घ्यावी ती सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या, क्लच अशा लांबणाऱ्या कामांसाठी.