आरव्ही-७ आणि आरव्ही-९: बॉडी तीच, पंख वेगळे

आरव्ही-७ आणि आरव्ही-९ ही किट मागवून स्वतः बांधायची छोटी विमानं. त्यांचे फोटो शेजारी ठेवून फरक सांगा म्हटलं तर विमानांचं वेड असलेले लोकही गडबडतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण ही दोन्ही विमानं जवळजवळ एकाच बॉडीवर उभी आहेत. पूर्ण अॅल्युमिनियम, दोन सीट शेजारी शेजारी, पंख खाली, पुढे चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन, कॅनोपी म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक छत पण दोघांना त्याच दोन प्रकारची, एकतर वर उघडणारी नाहीतर मागे सरकणारी. आमच्या नाशिकच्या मंडळींमध्ये ओझरला एचएएलमधून रिटायर झालेले काका आहेत, अंबड-सातपूरला शीट मेटलचं काम करणारे आहेत, इंजिनियरिंगची पोरं आहेत, आणि हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "९ म्हणजे काय, ७ चंच कमी पॉवरवालं मॉडेल." हे मला अजिबात पटत नाही. ९ हे कमी केलेलं ७ नाहीये, ते वेगळ्या कामासाठी वेगळा पंख लावलेलं विमान आहे, आणि तो पंख समजला की बाकीचे सगळे फरक आपोआप समजतात.

आधी घराणं थोडक्यात. अमेरिकेत ओरेगॉनला व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी आहे, रिचर्ड व्हॅनग्रनस्वेन यांनी काढलेली, आरव्ही ही त्यांच्याच नावातली अक्षरं. १९७१ ला उडालेलं आरव्ही-३ एका माणसाचं होतं, मग आरव्ही-४ आलं त्यात दोघं पुढे-मागे बसतात, मग आरव्ही-६ मध्ये दोघं शेजारी आले आणि ते प्रचंड चाललं, इतकं की नायजेरियाच्या हवाई दलाने आरव्ही-६ए वरून एअर बीटल नावाचं ट्रेनर करून घेतलं. त्या ६ ची जागा २००१ मध्ये ७ ने घेतली. ९ त्याच्या जरासं आधीच बाजारात आलं होतं, म्हणजे "९ नंतर आलं म्हणून नवीन मॉडेल" हा पण एक गैरसमजच.

आता पंख.

७ चा पंख टोकापासून टोकापर्यंत २५ फूट, ९ चा २८ फूट. ऐकून वाटतं ९ चा पंख चांगलाच मोठा असेल. पण क्षेत्रफळ बघा, ७ चं १२१ चौरस फूट आणि ९ चं १२४, म्हणजे फरक नावापुरताच. मग ते तीन फूट गेले कुठे? ९ चा पंख अरुंद आहे. ७ च्या पंखाची पुढून मागे रुंदी ५८ इंच, ९ ची ५३. म्हणजे तेवढाच पत्रा, पण लांब आणि अरुंद, ग्लायडरच्या दिशेने थोडासा सरकलेला. लांब पंखाचा फायदा असा की लिफ्ट (विमान वर उचलणारं बल) तयार करताना जो ड्रॅग (मागे ओढणारा हवेचा अडथळा) फुकट येतो, पंखाच्या टोकाला हवा खालून वर वळसा घेते त्यातून येणारा, तो कमी होतो, आणि तो किती कमी होतो ते लांबीच्या वर्गावर ठरतं. वजन आणि स्पीड सारखं धरलं तर २५ आणि २८ फुटांच्या हिशोबाने हा ड्रॅग ९ मध्ये जवळपास २० टक्के कमी येतो. हा ड्रॅग कधी जास्त त्रास देतो तर हळू उडताना, चढताना, आणि वर पातळ हवेत. फुल स्पीडने खालून जाताना त्याचं फारसं काही वाटत नाही, म्हणून दोघांना तेच १६० एचपीचं इंजिन लावलं तर टॉप स्पीडमध्ये ९ अगदी थोडंच मागे राहतं.

पंखाचा छेद पण वेगळा. ७ ला एनएसीए या अमेरिकी विमानसंशोधन संस्थेचा २३०१३.५ हा जुना, मुरलेला एअरफॉइल (छेदाचा आकार) आहे, तोच जो ४, ६ आणि ८ ला आहे. ९ चा एअरफॉइल जॉन रॉन्झ यांनी खास डिझाइन केलेला, हे तेच रॉन्झ ज्यांनी १९८६ ला न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानाच्या एअरफॉइलचं काम केलं होतं. फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली वाकवायची पंखाची मागची पट्टी, तोही बघा. ७ चा फ्लॅप साधा, खालच्या कडेला लांब पियानो बिजागरीवर लटकलेला. ९ चा स्लॉटेड, म्हणजे खाली उतरताना पुढे एक फट उघडते, त्या फटीतून खालची जोरदार हवा फ्लॅपच्या वरच्या अंगावर येते आणि प्रवाह चिकटून राहतो. याचा परिणाम स्टॉल स्पीडवर, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाही त्या स्पीडवर दिसतो: पूर्ण वजनाला ७ साधारण ताशी ५८ मैलांना स्टॉल होतं आणि ९ ५० ला, किलोमीटरमध्ये ९३ आणि ८०. कागदावर आठच मैल. पण जमिनीवर टेकताना जिरवायची ऊर्जा स्पीडच्या वर्गाने मोजतात, ५८ चा वर्ग ३३६४ आणि ५० चा २५००, म्हणजे ९ साधारण पाव हिस्सा ऊर्जा कमी घेऊन उतरतं, आणि इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली तर हाच पाव हिस्सा जीव वाचवू शकतो. मला ९ च्या सगळ्या आकड्यांत हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता ७ ची बाजू, कारण ७ ला उगीच कमी लेखायचं नाहीये. ७ कोलांट्या मारतं. लूप, रोल, स्पिन, सगळं, अधिक ६ आणि उणे ३ जी (जी म्हणजे वजनाच्या किती पट जोर) पर्यंत डिझाइन केलेलं, आणि आखूड पंखामुळे रोल कसा चटकन होतो त्याचे व्हिडिओ बघितले की कळतं लोक याच्या प्रेमात का पडतात. ९ कोलांट्यांसाठी नाहीच. फक्त एक गोष्ट लोक विसरतात, ७ चं पूर्ण वजन १८०० पाउंड असलं तरी ते सहा जी १६०० पाउंडापर्यंतच आहेत, म्हणजे ७२६ किलो. रिकामं विमान ५०० किलो धरा, ८५-८५ किलोची दोन माणसं बसवा, उरले ५६ किलो, त्यात पेट्रोल बसतं साधारण ७८ लिटर, म्हणजे १५९ लिटरच्या टाक्या निम्म्याच भरायच्या. पॅराशूट घातले तर अजून कमी. दोघं बसून, टाक्या फुल करून लूप मारायला ७ परवानगी देत नाही.

आणि इथूनच इंजिनाची चर्चा सुरू होते, जी सगळ्यात जास्त चुकीची होते. ७ ला १५० ते २०० एचपी चालतं, ९ साठी कंपनी ११८ ते १६० सांगते. लगेच कोणीतरी म्हणतं, अरे बॉडी तीच आहे ना, मग ९ ला पण १८० बसवू, बोल्ट तर जुळतात. बोल्ट जुळतात हे खरं, पण मर्यादा तिथे नाहीये. ७ चा कधीच ओलांडू नये असा स्पीड २३० मैल आहे, ९ चा २१०, आणि हा आकडा मीटरवर दिसणाऱ्या स्पीडचा नाही, हवेतल्या खऱ्या स्पीडचा आहे, कारण भीती फ्लटरची आहे, म्हणजे पंख किंवा शेपूट स्वतःहून फडफडायला लागणं, आणि ते खऱ्या स्पीडवर जास्त अवलंबून असतं. आता दहा हजार फुटांवर मीटर १८० दाखवत असेल तर खरा स्पीड जवळपास २०९ असतो! म्हणजे पायलटला वाटतंय अजून तीस मैल शिल्लक आहेत आणि प्रत्यक्षात एकच उरलाय. ९ चा पंख उंचीवर इतका घसरडा आहे की मोठं इंजिन लावलं की आपण सरळ जातानाच या रेषेजवळ पोहोचतो, नाक थोडं खाली गेलं की पलीकडे. म्हणून १६० ही मर्यादा विमान कमजोर आहे म्हणून घातलेली नाही, पंख चांगला आहे म्हणून आहे.

नाशिकचा हिशोब लावून बघितला की हे अजून नीट कळतं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, आणि मे महिन्यात दुपारी ४० डिग्री. त्या हवेत विमानाला वाटतं आपण जवळजवळ साडेपाच हजार फुटांवर उभे आहोत, हवा साधारण १५ टक्के पातळ, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद पण साधारण तेवढीच पडते, ११८ एचपीचे हातात शंभरच येतात. अशा दिवशी चढायला ज्या पंखाला कमी ताकद पुरते तो पंख उपयोगाचा, आणि इथे ९ चे ते जास्तीचे तीन फूट कामाला येतात. ७ ला इथे मोठं इंजिन लागतं, म्हणजे जास्त वजन, जास्त पेट्रोल, आणि ७ ची टाकी १५९ लिटरची तर ९ ची १३६ ची असण्यामागे हेच गणित आहे.

लांबून ओळखायचं कसं? उभ्या शेपटीवरून ओळखायला जाऊ नका, ७ ला नंतर ९ चंच रडर (उभ्या शेपटीचा हलणारा मागचा भाग) लावलं गेलं त्यामुळे तिथे फसायला होतं. आडवी शेपूट बघा. ९ ची सरळ आयताकृती, बुंध्यापासून टोकापर्यंत रुंदी तीच. ७ ची टोकाकडे निमुळती होत जाते. वरून काढलेला फोटो असेल तर एका नजरेत कळतं.

मग ती "ए" ची भानगड. ७ए, ९ए म्हणजे पुढे नाकाखाली चाक असलेलं, नुसतं ७ किंवा ९ म्हणजे टेलड्रॅगर, छोटं चाक शेपटीला. पंखाशी याचा काहीच संबंध नाही. फक्त टेलड्रॅगरमध्ये मुख्य चाकांचे पाय इंजिन माउंटला (इंजिन धरणाऱ्या चौकटीला) लागतात आणि ए मध्ये ते बॉडीला लागतात, पुढचा पाय माउंटला जातो. खडबडीत जमिनीवर ए चा पुढचा पाय मागे दुमडून विमान पालथं पडल्याच्या घटना झाल्या आहेत, म्हणून कच्च्या पट्टीवर जायचं असेल तर माझं मत सरळ टेलड्रॅगर.

बांधायला दोन्ही सारखीच. पत्रे आधीच भोकं पाडून येतात, ती भोकं एकमेकांशी जुळतात म्हणून ६ सारखा मोठा जिग (भाग जागेवर धरणारा सांगाडा) उभा करावा लागत नाही. अंबडला आमच्या एका मित्राच्या शेडमध्ये सरावाचा तुकडा करून बघितला होता: पत्र्याची बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार कड) काढायची, डिंपल (भोकाभोवती छोटा खळगा) मारायचा म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या लेव्हलला बसतं, क्लेको नावाच्या तात्पुरत्या पिनांनी पत्रे पकडायचे, चंदेरी क्लेको ३/३२ इंचाच्या भोकाला आणि तांबडा १/८ ला, मग एकाने बाहेरून रिव्हेट ठोकायची गन धरायची आणि दुसऱ्याने आतून लोखंडी बार. चांगला बसलेला रिव्हेट आतून व्यासाच्या दीडपट पसरतो आणि व्यासाच्या निम्मा उंच राहतो. नखाने डोक्यावरून फिरवलं तर नख अडकायला नको. मित्र तीस वर्षं पत्रा कापतोय पण प्रत्येक रिव्हेटनंतर वाकून बघत होता, आणि अशा हजारो रिव्हेटांचं हे काम आहे.

आपल्याकडे असं विमान बांधून डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाकडून पार करणं सोपं नाही, कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेल्या विमानाला २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी हे रजिस्ट्रेशन मिळालं त्याआधी त्यांना किती वर्षं फिरावं लागलं हे महाराष्ट्राने बघितलंय. तरीही कोणाच्या मनात असेल तर एवढं लक्षात ठेवा: कोलांट्या मारायच्याच असतील तर ७, दुसरा पर्याय नाही. लांब जायचं, हळू उतरायचं, छोट्या इंजिनात भागवायचं असेल तर ९, आणि मला विचाराल तर आपल्या हवेत बहुतेकांना ९ च लागतं. आणि हे "नंतर बघू" म्हणून पुढे ढकलता येत नाही. नाकाला चाक की शेपटीला, हे बॉडीचं किट मागवेपर्यंत लांबवता येतं, कॅनोपी कोणती तेही, इंजिन तर त्याहून उशिरा. पण सगळ्यात पहिलं किट येतं ते शेपटीचं, आणि आडवी शेपूट दोघांची वेगळी आहे, त्यामुळे पहिली ऑर्डर देतानाच ७ की ९ ते लिहावं लागतं.