टार्गेटेड औषध मिळालं म्हणून केमो सुटत नाही

‘टार्गेटेड औषध (कॅन्सर पेशींच्या वाढीला लागणाऱ्या ठरावीक प्रोटीनवर नेम धरणारं औषध) घ्या, केमोची गरजच नाही’ हा सल्ला कॅन्सर रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये बरीच वर्षं फिरतोय. पसरलेल्या जठराच्या कॅन्सरमध्ये तो बहुतेकदा चुकीचा ठरतो.

ट्रास्टुझुमॅब या टार्गेटेड औषधाचंच बघा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोगा चाचणीत ते एकटं दिलंच नव्हतं. सिस्प्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन किंवा ५-एफयू या केमोच्या औषधांच्या जोडीला दिलं होतं. नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.१ महिने, जोडीवर १३.८. केमोच्या सहा सायकल, म्हणजे फेऱ्या, दिल्या. ट्रास्टुझुमॅब मात्र आजार पुन्हा वाढेपर्यंत.

हे औषध हर-२ पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-२ नावाचं प्रोटीन जास्त असलेल्या गाठींनाच लागू पडतं, आणि खरा घोळ इथेच होतो. जठराच्या गाठीत हर-२ सगळीकडे सारखं नसतं. एन्डोस्कोपीत तपासणीसाठी गाठीचे दोनच तुकडे घेतले, तर पॉझिटिव्ह गाठही निगेटिव्ह दिसू शकते. सहा-आठ तुकडे हवेत, तेही वेगवेगळ्या जागांचे. आयएचसी या चाचणीत (तुकडा रंगवून त्यातलं प्रोटीन बघतात) ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आलं तर फिश चाचणी (हर-२ च्या जनुकाच्या प्रती मोजणारी) करूनच ठरवायचं.

पहिल्या केमोनंतर आजार वाढला तर रामुसिरुमॅब हे दुसरं टार्गेटेड औषध देता येतं. त्याला हर-२ ची अट नाही. ते एकटंही देतात, पण ताकद असलेल्या रुग्णाला पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधासोबतच दिलेलं बरं.

टार्गेटेड औषधांना ‘साइड इफेक्ट नाहीत’ असं म्हणतात, तेही खोटंच. ट्रास्टुझुमॅबने हृदयाचं पंपिंग घटू शकतं, म्हणून आधी आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). रामुसिरुमॅबवर बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहावं लागतं.