जुना कॉम्प्युटर कामाला लावावा की कमी विजेचं नवं यंत्र घ्यावं?

घरात एक छोटा सर्व्हर असावा असं अनेकांना वाटतं. फोटोंचा बॅकअप त्यावर जावा, सगळ्यांच्या फायली एका जागी राहाव्यात, जाहिराती अडवणारं पाय-होल किंवा दिवे आणि सेन्सर सांभाळणारं होम असिस्टंट त्यावर चालावं. मग दोन रस्ते समोर येतात. पडून असलेला जुना डेस्कटॉप लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून कामाला लावायचा, किंवा याच कामासाठी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, इंटेलच्या कमी विजेच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी किंवा तयार नॅस (नेटवर्कला जोडायचा, फायली साठवणारा डबा) विकत घ्यायचा. दोन्हींवर सॉफ्टवेअर तेच चालतं आणि ब्राउझरमध्ये दिसतंही तेच. त्यामुळे पहिला रस्ता फुकटचा आणि दुसरा खर्चाचा असा हिशेब चटकन मांडला जातो. पर्यावरणाची काळजी असलेल्यांमध्येही दोन तट पडतात: एकाला जुनं वापरणं म्हणजे कचरा वाचवणं वाटतं, दुसऱ्याला जुनं म्हणजे विजेची उधळपट्टी.

दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या आहेत. माझ्या मते निकाल दोन आकडे लावतात: यंत्र रिकामं बसलेलं असताना प्लगमधून किती वॅट ओढतं, आणि वर्षातले किती तास चालू राहतं. यंत्राचं वय त्यानंतर येतं.

रिकामं बसण्यावर एवढा भर का? कारण घरचा सर्व्हर बहुतेक वेळ तेच करतो. रात्री काही मिनिटं बॅकअप, अधूनमधून एखादी फाइल, एखादा व्हिडिओ. बाकी सगळा वेळ नुसती वाट पाहणं. आणि त्या वाट पाहण्याची वीज लागतच असते. वर्षात ८,७६० तास असतात, म्हणजे सतत १ वॅट ओढणारं यंत्र वर्षाला ८.७६ युनिट खातं. एखादा जुना टॉवर, म्हणजे उभ्या डब्याचा डेस्कटॉप, रिकामा असताना ६० वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट झाले. ८ वॅटचा मिनी पीसी तेवढ्याच काळात ७० युनिटांत भागवतो. फरक ४५५ युनिटांचा, तोही दरवर्षी. आता हाच टॉवर दिवसाला फक्त दोन तास चालवला, तर दोन यंत्रांतला वार्षिक फरक ३८ युनिटांवर येतो. यंत्रं तीच आहेत, बदलले ते फक्त तास.

आकडे मांडताना सगळ्यात जास्त घोळ टीडीपीमुळे होतो. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात टीडीपी ६५ वॅट दिसतो, एन१०० समोर ६ वॅट दिसतो, आणि वाचणारा म्हणतो, नवं यंत्र दहापट काटकसरी. पण टीडीपी हा प्रोसेसर कामात असताना त्याची किती उष्णता बाहेर काढायची, याचा कूलरसाठीचा आकडा आहे. प्लगमधून सतत किती वीज येते, हे तो सांगत नाही. ६५ वॅट टीडीपीचा एखादा साधा ऑफिस डेस्कटॉप वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर रिकामा असताना १५ ते २० वॅटमध्येही राहू शकतो. उलट ६ वॅटवाल्या एन१०० चा मिनी पीसी रिकामा असतानाच ६ ते १० वॅट घेतो, आणि जोर लागला की २० च्या वर सहज जातो. दहापटीचा भासणारा फरक प्रत्यक्षात दुपटीचा निघतो. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. प्लग आणि यंत्र यांच्यामध्ये लावायचा साधा वॉटमीटर मिळतो. निर्णय घेण्याआधी तो एक दिवस लावून पाहिलाच पाहिजे, असं मी आग्रहानं सांगेन.

मोजल्यावर जुन्या टॉवरचा आकडा मोठा निघाला, तर दोष नेहमी प्रोसेसरचाच नसतो. पहिला संशयित पॉवर सप्लाय, म्हणजे प्लगमधली वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा. ८० प्लस हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र २००४ मध्ये सुरू झालं, आणि त्यात तपासणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायसाठी १० टक्के भाराची अट फक्त टायटॅनियम श्रेणीत आहे. ५०० वॅटचा पॉवर सप्लाय आणि त्यावर ४० वॅटचा भार, म्हणजे आपण त्या परीक्षेच्या बाहेरच बसलोय. तिथे बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. दुसरं म्हणजे ग्राफिक्स कार्ड. सर्व्हरला त्याचा बहुधा काहीच उपयोग नसतो, तरी ते १० ते ३० वॅट खात बसतं. ३.५ इंची हार्ड डिस्क फिरत असताना प्रत्येकी ४ ते ८ वॅट घेते. कार्ड काढलं, वापरात नसलेल्या डिस्क सोडवल्या, बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्था, चालू केल्या आणि लिनक्समध्ये वीजवापर दाखवणारं पॉवरटॉप चालवून पाहिलं, की एकही पैसा न घालता आकडा बराच खाली येतो. हे करून पाहिल्याशिवाय जुन्या यंत्राला वीजखाऊ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

अर्थात काही यंत्रं खरोखरच वीजखाऊ असतात. २००४ च्या प्रेस्कॉट पिढीतल्या पेंटियम ४ चे वरचे प्रोसेसर ११५ वॅट टीडीपीचे होते, आणि रिकामं असताना शांत झोपणं त्यांना जमतच नव्हतं. इंटेलच्या बाजूनं पाहिलं तर २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून पुढे रिकाम्या वेळेतला वापर चांगलाच उतरला. त्यामुळे 'जुना' या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या पिढ्या येतात. जुन्या ३२-बिट प्रोसेसरच्या यंत्रांचा प्रश्न तर आणखी सोपा आहे. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. सुरक्षा अपडेट न मिळणारं यंत्र चोवीस तास नेटवर्कला जोडून ठेवू नये.

जुना लॅपटॉप: सगळ्यात दुर्लक्षित पर्याय

वाद टॉवर विरुद्ध मिनी पीसी असा रंगतो आणि लॅपटॉप बाजूलाच राहतो. खरं तर तो पहिल्या दिवसापासून बॅटरी वाचवण्यासाठीच घडवलेला असतो. स्क्रीन बंद करून ठेवलेला, गेल्या दहा-बारा वर्षांतला साधा लॅपटॉप ८ ते १५ वॅटमध्ये राहतो. वीज गेली तर बॅटरी यूपीएसचं काम करते. अडचण आली तर कीबोर्ड आणि स्क्रीन जागेवरच आहेत. झाकण मिटल्यावर झोपू नये एवढी सेटिंग बदलली की झालं.

एक धोका मात्र गांभीर्यानं घ्यायला हवा. कायम १०० टक्के चार्जवर, गरम जागी ठेवलेली लिथियम बॅटरी फुगू शकते. बऱ्याच मॉडेलमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवता येतं; ते आधी करा. टचपॅड वर उचललेला किंवा बॉडीचा सांधा उघडलेला दिसला तर तो लॅपटॉप ताबडतोब बंद करून बॅटरी काढून टाकावी. लॅपटॉपची दुसरी मर्यादा जागेची आहे: डिस्क एक किंवा फार तर दोन. बाकी साठवण यूएसबीवर टाकावी लागते, आणि यूएसबीची केबल सैल झाली की डिस्क मधेच गायब होते.

कार्यालयातून बाहेर पडणारे, पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप हाही असाच मधला पर्याय. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी ही त्यातली ओळखीची नावं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनचा प्रोसेसर असलेल्या अशा यंत्रांचा रिकामा वापर १० वॅटच्या आसपास असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम अवस्थेतली अशी कितीतरी यंत्रं केवळ या अटीपायी कार्यालयांना नकोशी झाली आहेत. लिनक्सला ती अट लागू नाही. नवं घ्यायचं ठरवलेल्यानं आधी यांच्याकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

कार्बनचा हिशेब

विजेचा हिशेब बिलात दिसतो. यंत्र बनवताना झालेलं उत्सर्जन कुठेच दिसत नाही. छोटा डेस्कटॉप किंवा लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत साधारण १०० ते ३०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालेलं असतं. जगाची सरासरी घेतली तर एक युनिट वीज बनवताना अर्ध्या किलोच्या जरा आत उत्सर्जन होतं. आता वरचं उदाहरण पुन्हा घ्या. चोवीस तास चालणारा ६० वॅटचा टॉवर काढून ८ वॅटचा मिनी पीसी आणला, तर वर्षाला ४५५ युनिट, म्हणजे दोनशेच्या वर किलो वाचतात. नव्या यंत्राचं देणं वर्ष-दीड वर्षात फिटतं. पण हातात १५ वॅटचा लॅपटॉप असेल आणि त्याच्या जागी ८ वॅटचं नवं यंत्र आणलं, तर वाचतात वर्षाला ६१ युनिट, म्हणजे ३० किलोच्याही आत. देणं फिटायला चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत कितीही लागू शकतात, आणि तोवर ते नवं यंत्रही जुनं झालेलं असेल.

पैशांनाही हेच सूत्र लागतं. नव्या यंत्राच्या किमतीला, वर्षात वाचणारे युनिट गुणिले तुमच्या बिलावरचा दर, या आकड्यानं भागा. उत्तर दोन वर्षं आलं तर खरेदी शहाणपणाची आहे. दहा आलं तर तो मोह आहे.

कमी विजेची यंत्रं सगळ्याच बाबतीत सरस असतात असंही नाही. रास्पबेरी पाय ४ रिकामा असताना ३ वॅटच्या आसपास राहतो, पण सतत लिहिण्यानं मेमरी कार्ड झिजतं आणि साटा पोर्ट, म्हणजे डिस्क थेट जोडायच्या जागा, त्यावर नाहीत. काही मिनी पीसीत रॅम बोर्डावरच जोडलेली असते. पुढे वाढवता येत नाही. तयार नॅस सोयीचा खरा, मात्र कंपनीनं अपडेट थांबवले की चालू स्थितीतला डबाही अडगळ होतो. शिवाय त्यात चार हार्ड डिस्क फिरत असतील तर त्याच २० ते ३० वॅट घेतात, मग आतला प्रोसेसर ३ वॅटचा की ८ चा याला फारसा अर्थ राहत नाही. तिथे चार छोट्या डिस्कऐवजी दोन मोठ्या लावणं हा अधिक परिणामकारक उपाय.

नवं यंत्र निर्विवाद जिंकतं ते व्हिडिओच्या कामात. क्विक सिंक ही इंटेल प्रोसेसरमधली व्हिडिओसाठीची खास सोय २०११ पासून आहे, पण १०-बिट एचईव्हीसी या व्हिडिओ प्रकारातल्या फायली हार्डवेअरवर उलगडणं सातव्या पिढीपासून नीट जमलं. एन१०० तर एव्ही१ हा आणखी नवा प्रकार देखील उलगडतो. जुना प्रोसेसर तेच काम सगळे कोर पेटवून करतो आणि तरी व्हिडिओ अडखळतो.

मग टॉवरचं काय करायचं? त्याला चोवीस तासांच्या कामातून मोकळं करा. भरपूर साटा पोर्ट, रॅमच्या जागा, सहज उघडता येणारी बॉडी हे त्याचं बळ आहे, आणि आठवड्याच्या बॅकअपसाठी ते नेमकं उपयोगी पडतं. छोट्या सर्व्हरनं वेक-ऑन-लॅननं, म्हणजे नेटवर्कवरून इशारा देऊन, त्याला उठवावं, आरसिंक या प्रोग्रामनं बदललेल्या फायली पाठवाव्यात, आणि काम झालं की बंद करावं. आठवड्याला दोन तास म्हणजे ६० वॅटच्या यंत्रालाही वर्षाला सहा-सव्वासहा युनिट. वर एक मोठा फायदा: बाकी सगळा वेळ बंद असलेल्या डिस्कवरच्या फायलींपर्यंत रॅन्समवेअरही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) पोचत नाही. फक्त जुन्या डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कनं स्वतःच ठेवलेली तिच्या तब्येतीची नोंद, आधी तपासा, आणि कुठल्याही फाइलची एकुलती एक प्रत तिथे ठेवू नका. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरांची टोकं फुगलेली दिसली, तर तो बदलल्याशिवाय यंत्र चालू करू नये.

ज्याचं काहीच होऊ शकत नाही असा टॉवर शेवटी निकालात काढावाच लागतो. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद आहे. म्हणून यंत्र भंगारात टाकू नका, अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. त्याआधी रॅम, एसएसडी आणि चालू डिस्क काढून घ्या. आणि जी डिस्क द्यायची असेल, ती पूर्ण पुसूनच द्या.