सशाचे कान आणि खान्देशातला मे

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की घरातला ससा कोपऱ्यात पडून राहतो, कोथिंबीरही हुंगत नाही. मग 'नजर लागली' म्हणून मीठ-मोहरी उतरवतात. त्यात जो अर्धा तास जातो, तोच सशाचा जीव वाचवण्याचा असतो.

सशाला घाम जवळपास येतच नाही. कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकणंही त्याला नीट साधत नाही. भिस्त सगळी कानांवर. उजेडासमोर कान धरून पाहा: पातळ कातडीखाली शिरांचं जाळं आणि मधोमध जाड रोहिणी. उकाड्यात या रक्तवाहिन्या फुगतात, गरम रक्त कानात येतं, हवेला उष्णता देऊन निवतं आणि परत जातं. थंडीत त्या आकसतात, म्हणून डिसेंबरात कान गार लागतात.

पण उष्णता जास्त तापमानाकडूनच कमी तापमानाकडे जाते. सशाचं अंग साधारण ३८.५ ते ४० अंशांचं. पत्र्याच्या घरात दुपारी ४२ अंश झाले की हेच कान बाहेरची उष्णता आत घेऊ लागतात. नुसता पंखा लावला तर गरम वाराच अंगावर येतो. अशा वेळी उपयोगी पडतं ते बाष्पीभवन. एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते भराभर वाळतं. कूलर मेमध्ये गारवा देतो आणि पावसाळ्यात नुसता दमटपणा वाढवतो, त्याचं कारणही हेच.

म्हणून माठातल्या पाण्यात फडकं भिजवून कान दर १०-१५ मिनिटांनी पुसा आणि पंखा चालू ठेवा. बर्फाचं पाणी नको, त्यानं रक्तवाहिन्या आकसतात. बादलीत तर बुडवूच नका; ससा घाबरून गलितगात्र होतो. ११ ते ५ त्याला धाब्याच्या घरात किंवा तळमजल्यावर शहाबादी फरशीवर ठेवा. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, हवं तेव्हा तो टेकेल. पाणी जड वाडग्यात द्या.

मागचे पाय लांबवून, शांत श्वास घेत पडलेला ससा निवांत असतो. नाकपुड्या भराभर हलतात, तोंड उघडं, हनुवटी लाळेनं ओली, असं दिसलं तर कान पुसतच पशुवैद्याकडे निघा.

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला हुशारीत असतो. वाळलेलं गवत तेव्हा पुढ्यात असू द्या. संध्याकाळीही त्यानं तोंड लावलं नाही आणि १०-१२ तासांत लेंड्या दिसल्या नाहीत, तर आतडं थांबलंय. सकाळची वाट पाहू नका.