स्नॅप-25 (जीन आणि प्रोटीन)

स्नॅप-25 हे माणसाच्या 20 व्या क्रोमोसोमच्या आखूड बाजूवरचं जीन, आणि त्यातून बनणाऱ्या 206 अमिनो ॲसिडच्या प्रोटीनचं पण नाव तेच. चेतापेशीच्या टोकाला न्यूरोट्रान्समीटर (पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन) भरलेल्या बारीक पिशव्या असतात, त्या पेशीच्या पडद्याला जोडून आतला माल बाहेर सोडायला हे लागतं.

नावाचा घोळ मात्र मोठा आहे. 1989 साली उंदराच्या मेंदूतल्या कामातून हे पुढं आलं, सिनॅप्टोसोमशी (चेतापेशीच्या टोकांचे सुटे केलेले तुकडे) निगडित आणि 25 किलोडाल्टन वजनाचं म्हणून स्नॅप-25 (25 हा लॅबमध्ये जेलवर मोजलेला आकडा, हिशोबानं वजन 23 च्या आसपासच भरतं). तिकडं जेम्स रॉथमन या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये एनएसएफला (पडदे जुळण्याच्या कामातलं आणखी एक प्रोटीन) पडद्यावर चिकटायला मदत करणारी वेगळीच प्रोटीनं मिळाली आणि त्यांची आद्याक्षरंही (सोल्युबल एनएसएफ अटॅचमेंट प्रोटीन) जुळून स्नॅपच झाली! 1993 ला सॉलनर, रॉथमन आणि मंडळींनी गाईच्या मेंदूत या दुसऱ्या स्नॅपचे रिसेप्टर (पडद्यावर त्यांना धरणारी प्रोटीनं) शोधले तर हाती लागले पेशीच्या पडद्यावरचं सिंटॅक्सिन, पिशवीवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन आणि आपलं स्नॅप-25, म्हणून या सगळ्यांना स्नेअर म्हणतात, म्हणजे स्नॅपचा रिसेप्टर. एवढं असून अल्फा-स्नॅप (दुसऱ्या स्नॅपपैकी एक) आणि स्नॅप-25 यांचं काही नातं नाही, सगळे देशमुख एकमेकांचे पाहुणे नसतात तसं. सोलापुरात एमएस्सीला शिकवताना दरवर्षी निम्मी पोरं पेपरात दोघांना एकच करून टाकतात.

काम कसं चालतं ते सोलापुरातल्या अशोक चौकाकडं सुताला पीळ बसताना बघितलं असेल तर लगेच कळतं. चार तारा एकमेकींभोवती वळतात, त्यातली एक सिंटॅक्सिनची, एक सिनॅप्टोब्रेव्हिनची आणि दोन एकट्या स्नॅप-25 च्या. पीळ एका टोकाकडून घट्ट होत येतो आणि पिशवी पडद्यावर ओढली जाते. स्नॅप-25 ला पडद्यात रुतायला स्वतःचा भाग नाही, मधल्या पट्ट्यातल्या सिस्टीन नावाच्या चार अमिनो ॲसिडांवर चरबीच्या साखळ्या लागतात, त्यांनीच ते धरून राहतं. 1998 ला या पिळाची रचना क्रिस्टलमधून दिसली. एक पिशवी जोडायला असे किती पीळ लागतात यावर मात्र एकमत नाही: 2010 मध्ये एका गटानं कृत्रिम पडद्यांवर एक पुरतो म्हटलं, त्याच वर्षी दुसऱ्यानं पेशींमध्ये झटपट स्रावाला निदान तीन हवेत म्हटलं. जिवंत पेशीतलं काम म्हणून तीनचं म्हणणं जास्त पटतं.

सोलापुरातल्या सात रस्त्याकडच्या बोर्डांवर बोटॉक्स वाचलं असेलच. त्यातलं बोटुलिनम ए हे विष स्नॅप-25 ला 197 आणि 198 नंबरच्या अमिनो ॲसिडच्या मधे कापतं, शेवटची फक्त 9 अमिनो ॲसिडं जातात, तरी स्राव बंद पडतो आणि स्नायू सैल होतो. 1993 ला हे कळलं. ई प्रकारचं विष आणखी अलीकडं, 180 नंतर कापतं.

जीनचे अ आणि ब असे दोन नमुने बनतात, फरक 9 अमिनो ॲसिडचा, वाढ पूर्ण झालेल्या मेंदूत ब जास्त. जीन पूर्ण काढलेली उंदराची पिल्लं जन्मताच मरतात. कोलोबोमा नावाच्या जातीच्या उंदरात याची एक प्रत गेलेली असते आणि तो सारखा पळत सुटतो, प्रत परत घातली की शांत होतो. यावरून माणसातल्या एडीएचडीशी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) संबंध जोडतात, पण तो पुरावा कच्चाच. या जीनमधल्या बिघाडानं लहान मुलांत फिट्स आणि जन्मजात मायस्थेनिया (स्नायू दुबळे पडण्याचा आजार) झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.