पंचवीस हजार पास्कल आणि विहिरीवरची मोटार

दिवाळी झाली आणि पुण्याहून भाच्याने कॉर्डलेस व्हॅक्युम क्लिनरची जाहिरात पाठवली. खाली लिहिलं होतं, "मामा, हाच घ्या, २५,००० पास्कल सक्शन आहे, मामीचा त्रास वाचेल." त्रास खराच आहे. भाव वाढेल या आशेवर आमच्या समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो, संक्रांत उलटली तरी असतो, त्याचे बारीक तंतू घरभर, वरून काळ्या मातीची धूळ, आणि शेजारच्या वावरात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालला की सोयाबीनचं कुटार (भुसा). फड्यानं (झाडूनं) झाडलं की अर्धं उडतं आणि चहा होईपर्यंत परत येऊन बसतं.

पण पास्कल म्हणजे दाबाचं माप, तो आकडा वाचून मला पहिले विहिरीवरची मोटारच आठवली. मोटार काठावर ठेवली आणि पाणी सात-आठ मीटरच्या खाली गेलं की ती पाणी घेत नाही, मग दोराने खाली उतरवावी लागते, मग ती ३ एचपीची असो की १० ची. काहून? तर मोटार पाणी ओढतच नाही. ती पाइपातला दाब कमी करते, आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन पाणी वर ढकलते. हवेचा दाब साधारण १ लाख पास्कल, त्यात पाण्याचा फार तर १० मीटर उंच खांब तोलला जातो, गळती आणि घर्षण धरलं की सात-आठच उरतात. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो असं टॉरिचेली या इटलीच्या शास्त्रज्ञानं १६४४ मधेच पत्रात लिहून ठेवलंय.

व्हॅक्युम क्लिनरचंही तेच. २५,००० पास्कल म्हणजे वातावरणाचा पाव हिस्सा, म्हणजे अडीच मीटर पाणी चढेल एवढा. ऐकायला भारी. पण हा आकडा बहुतेक वेळा नळीचं तोंड बंद करून मोजलेला असतो, आणि तोंड बंद म्हणजे हवा वाहत नाही, आणि हवा वाहत नाही तर धूळ कशावर बसून आत जाईल? तोंड पूर्ण उघडं ठेवा, हवा भरपूर वाहते पण दाबाचा फरक जवळपास शून्य. काम होतं ते मधे कुठंतरी, दोन्हीच्या गुणाकारावर. त्याला एअर वॉट म्हणतात. दुकानदाराला तो विचारा, पास्कल नका विचारू.

आता माझ्या आवडीची गोष्ट. ही धूळ हवेतून वेगळी कशी होते? आपण खळ्यावर उपणतो तेव्हा वारा कुटार नेतो आणि दाणा सुपाखाली पडतो, जड ते खाली, हलकं ते दूर. क्लिनरमधे उपणायला जागा नाही, मग हवा गोल फिरवतात. अकोल्याच्या दालमिलवर किंवा कुठल्याही जिनिंगवर (कापसातून सरकी काढतात तिथं) पत्र्याचं ते मोठं उलटं शंकू पाहिलंय ना, वर रुंद आणि खाली निमुळतं? तेच सायक्लोन. हवा कडेनं आत शिरते, गरगर फिरते, धूळ भिंतीवर आपटून खाली घसरते आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. क्लिनरमधे हेच शंकू पेल्याएवढे असतात. समजा हवा सेकंदाला २० मीटर वेगानं ३ सेंटीमीटर त्रिज्येत फिरतेय, तर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, ४०० भागिले ०.०३, म्हणजे १३,३०० च्या वर, आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा साधारण १०, म्हणजे त्याच्या १३०० पटीच्या वर! म्हणून शंकू जितका लहान तितका जोर जास्त, आणि म्हणून महागड्या मशीनमधे एका मोठ्याऐवजी दहा-पंधरा छोटे शंकू दिसतात.

पण कणाचा पडायचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गावर ठरतो, इथंच घोडं अडतं. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण स्थिर हवेत मीटरभर खाली यायला दोनेक मिनिटं घेतो, १ मायक्रॉनचा शंभरपट जास्त, म्हणजे साडेतीन तास. (कवेलूच्या फटीतून येणाऱ्या उन्हात तरंगतात ते याच जातीचे.) १३०० पट जोर लावला की मोठा कण काही मिलिसेकंदात भिंतीला लागतो, पण बारक्याला दीड सेंटीमीटर सरकायलाच सेकंदाचा सातवा भाग लागतो आणि हवा तर शंकूतून त्याच्या कितीतरी आधी निघून जाते. म्हणजे बारका सुटला, गेला थेट फिल्टरवर. आणि आमची माती कोणती, तर बेसाल्ट झिजून झालेली काळी, तिच्यात चिकणमातीच निम्म्याच्या आसपास, आणि चिकणमाती म्हणजे २ मायक्रॉनहून बारीक कण. ढेकूळ पायाखाली चुरलं की हेच घरभर. म्हणून विदर्भात फिल्टर लवकर चोंदतो, आणि चोंदला की तुमचे पास्कल तसेच राहतात पण हवा वाहायची थांबते.

तेव्हा फिल्टर धुता येतो का, सुटा किती रुपयांना मिळतो, हे पहिले बघायचं. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, ओल्यावर काळी माती बसली तर चिखल होतो, वेगळं सांगायला नको. ब्रशचा रोलर बोटानं सुटला पाहिजे, कापसाचे तंतू त्याला असे गुंडाळतात की शेवटी ब्लेडनं कापावे लागतात.

काही मॉडेलला अतिनील किरणांचा निळा दिवा असतो, ९९.९ टक्के जंतू मारतो म्हणे. अतिनील किरणांना जंतू मारायला वेळ लागतो हो, मशीन तर फरशीवरून सेकंदभरात पुढं सरकते. तो दिवा आणि आमच्या मायचा प्रश्न एकाच पंगतीचे. तिनं विचारलं, "सांजचा दिवा लागल्यावर हे चालते का रे बापा, लक्ष्मी जाईन ना?" मी म्हटलं, माय, लक्ष्मी कापसाच्या भावातूनच गेली, फड्यानं काय जाणार! पूर्वी रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात केरासोबत एखादं डोरल्याचं मणी जात असेल, तेवढंच त्यात तथ्य.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ३.६ व्होल्टचे ७ सेल, २.५ अँपिअर-तास, म्हणजे ६३ वॉट-तास. मोटार फुल स्पीडला ४०० वॉट घेत असेल तर साडेनऊ मिनिटं, बस. जाहिरातीतली ६० मिनिटं सगळ्यात कमी स्पीडची. आणि बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशाच्या वर चार्ज करायचे नसतात, आमच्याकडं मे महिन्यात टिनाखालची खोली त्याच्याही वर जाते. सकाळी लाईन असते तेव्हा चार्ज करा, काढून ठेवा, टिनाखाली नको.

मागची खोली अजून शेणानं सारवलेली आहे. तिथं मशीन न्यायचीच नाही, ती सारवणाचे पापुद्रेच आत घेईल. भाच्याला मी दोनच गोष्टी विचारल्यात, एअर वॉट किती आणि सुटा फिल्टर यवतमाळात मिळतो का. "चेक करतो मामा" म्हणाला, त्याला आता तीन आठवडे झाले.